‘सत्यघटनेवर आधारित’ : एका स्वस्त भयपटाच्या पाटीचा इतिहास

१/
मंडळी, गेल्या हिवाळ्यात आम्ही सहा जणांनी भाईंदरमध्ये एक भयपट चित्रित केला. प्रकार स्लॅशर. म्हणजे सुरा घेतलेला एक मारेकरी, एक बंदिस्त जागा आणि एकामागून एक मरणारी तरुण मुले. मी इतिहासाची पदव्युत्तर विद्यार्थिनी. संहितेसाठी संशोधन करणे आणि दृश्यांच्या सातत्याची वही ठेवणे, एवढे काम माझ्याकडे होते. या कामातून आमच्यात एक वाद उभा राहिला आणि तो चित्रपटाच्या आरंभी येणाऱ्या दोन शब्दांवरून होता : ‘सत्यघटनेवर आधारित’. आजचा धागा त्या दोन शब्दांविषयी आहे.

२/
आधी प्रकार समजून घेऊ. राक्षस, चेटकीण, शापित हवेली हे भयपटाचे एक घराणे, तर स्लॅशर हे दुसरे. इथला मारेकरी बहुधा हाडामांसाचा माणूस असतो आणि शस्त्र हातात मावणारे असते. हिचकॉकचा ‘सायको’ (१९६०) हा या घराण्याचा पूर्वज मानतात. ‘ब्लॅक ख्रिसमस’ आणि ‘द टेक्सास चेन सॉ मॅसकर’ (दोन्ही १९७४) व ‘हॅलोवीन’ (१९७८) यांनी साचा पक्का केला. अखेरीस बहुधा एक मुलगी जिवंत उरते. कॅरल क्लोव्हर या अभ्यासिकेने तिला ‘फायनल गर्ल’ हे नाव दिले.

मराठी प्रेक्षकाला हे घराणे अगदीच परके नाही. ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या अमेरिकी स्लॅशरची कल्पना महेश कोठारे यांनी ‘झपाटलेला’मध्ये (१९९३) विनोदाच्या पाकात घोळवली आणि रामदास पाध्ये यांच्या बाहुल्यातून तात्या विंचू घराघरांत पोचला.

३/
स्लॅशर हा गरिबांचा चित्रप्रकार आहे. त्याला नामवंत नट लागत नाहीत, कारण बहुतेक पात्रे मरणारच असतात. मारेकऱ्याचा चेहरा झाकलेला असला की नटाचाही प्रश्न मिटतो.

‘हॅलोवीन’चा खर्च होता सुमारे सव्वातीन लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या मानाने चिल्लर. मारेकऱ्याचा मुखवटा दुकानातून आणलेला. मुळात तो ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील कॅप्टन कर्कचा. त्यावर पांढरा रंग फासला आणि डोळ्यांची भोके मोठी केली. कथा इलिनॉयमधील शरद ऋतूची, चित्रण मात्र कॅलिफोर्नियात आणि तेही वसंतात. म्हणून पाने रंगवून रस्त्यावर पसरली, दृश्य झाल्यावर गोळा केली आणि पुढच्या दृश्यात पुन्हा पसरली.

४/
ही उदाहरणे वाचताना माझ्या ध्यानी एक गोष्ट आली. मुखवटा, पाने, रक्त हे सारे स्वस्तात उभे करता येते. जुनी, ओल आलेली, माणसांनी वापरून झिजलेली वास्तू मात्र स्वस्तात उभारता येत नाही. ती कुणाकडून तरी उसनी घ्यावी लागते. म्हणजे कमी पैशांच्या भयपटाचे खरे भांडवल म्हणजे दुसऱ्याची जागा, आणि जागेसोबत तिचा इतिहासही आयता हाती येतो. त्या इतिहासाचे आपण काय करतो, हा पुढच्या सगळ्या हकिगतीचा प्रश्न आहे.

५/
आपल्याकडे या भांडवलाचा हिशेब सर्वांत नेटाने मांडला तो रॅमसे कुटुंबाने. फतेहचंद उत्तमचंद रामसिंघानी यांचे कराचीत रेडिओचे दुकान होते. इंग्रज गिऱ्हाइकांना आडनाव उच्चारता येईना, म्हणून ‘रामसिंघानी’चे ‘रॅमसे’ झाले, असे कुटुंबात सांगत. फाळणीनंतर हे कुटुंब मुंबईत आले आणि लॅमिंग्टन रोडवर पुन्हा विद्युत उपकरणांचे दुकान मांडले. तिथून ते चित्रनिर्मितीत शिरले.

६/
आता एक दुवा, जो मराठी वाचकाला चकित करील. रॅमसेंची निर्मिती असलेले ‘रुस्तम सोहराब’ (१९६३) आणि ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ (१९७०) हे दोन्ही चित्रपट विश्राम बेडेकर यांनी दिग्दर्शित केले होते. होय, ‘रणांगण’ (१९३९) लिहिणारे तेच बेडेकर.

दुसरा चित्रपट पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा चढवून चोरी करायला जातात, असा एक प्रसंग होता आणि त्या प्रसंगाला प्रेक्षागृहात किंकाळ्या उठत. तुलसी आणि श्याम या मुलांनी ते हेरले आणि वडिलांना सांगितले : सगळा चित्रपटच असा करू. म्हणजे हिंदी भयपटाच्या एका युगाची ठिणगी मराठी कादंबरीकाराच्या पडलेल्या चित्रपटातून उडाली. आपल्या वाङ्मयेतिहासात याची नोंद क्वचितच आढळते.

७/
सात भावांनी कामे वाटून घेतली. कुमार लेखन करी, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन. गंगू आणि केशू कॅमेरा सांभाळत, किरण ध्वनी आणि अर्जुन संकलन. शिक्षण कशाने? जोसेफ मॅसेली यांच्या चित्रणकलेवरील एका इंग्रजी पुस्तकाने. ते घेऊन भाऊ काश्मिरातील एका हाउसबोटीवर जाऊन राहिले आणि कॅमेरा हाती धरायला शिकले.

‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) त्यांनी महाबळेश्वरच्या सरकारी विश्रामगृहात चित्रित केला. दिवस सुमारे चाळीस, आणि खर्च त्यांनीच पुढे सांगितल्याप्रमाणे साडेतीन लाख रुपये. राहण्याची जागा आणि चित्रणाची जागा एकच. घरातील स्त्रियाही मुक्कामी असत आणि स्वयंपाक तिथेच होई. कच्ची फिल्म महाग, त्यामुळे तालीम पुष्कळ आणि फेरचित्रण अगदी थोडे.

८/
रॅमसेंचे बहुतेक चित्रपट काटेकोर अर्थाने स्लॅशर नाहीत. त्यांच्याकडे राक्षस असे, शाप असे, त्रिशूळही असे. पुढे श्याम रॅमसे यांनी ‘धुंद : द फॉग’ (२००३) हा सरळसरळ अमेरिकी स्लॅशरच्या वळणाचा चित्रपट केला. पण कामाची रीत मात्र आरंभापासून तीच : लहान तुकडी, अनोळखी चेहरे, उसनी वास्तू आणि घड्याळाकडे डोळा. आम्ही कामाला लागलो तेव्हा आमच्यापुढे हीच रीत होती.

९/
आमचे एकूण अंदाजपत्रक ३ लाख १० हजार रुपयांचे. आकड्यात ते १९७२ च्या रॅमसेंजवळ जाते. किमतीत त्याच्या पासंगालाही पुरत नाही. पण आम्हाला कच्ची फिल्म लागत नव्हती. कॅमेरा दिवसाच्या भाड्याने, दिवे उसने, नट मित्रमंडळींतले.

चित्रण भाईंदर पूर्वेला स्टेनलेस स्टीलची भांडी बनवणाऱ्या एका बंद पडलेल्या गाळ्यात, आणि मिठागराच्या कडेच्या एका जुन्या खोलीत. दोन्ही जागा मालकांच्या संमतीने मिळाल्या. घोडबंदर किल्ल्यात रात्री चित्रण करण्याचा मोह सगळ्यांनाच होता. पण संरक्षित वास्तूसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी, शुल्क, अनामत हे आमच्या आवाक्याबाहेरचे होते. त्यामुळे किल्ला दिवसाउजेडी, दुरून, दोनच दृश्यांत येतो.

१०/
सुरे दोन होते. जवळून दिसायचा तो स्टीलच्या पत्र्याचा, मुद्दाम बोथट ठेवलेला. अंगाला लागायचा तो रबराचा.

रक्त घरीच करावे लागते. साखरेचा पाक, मक्याच्या पिठाची पातळ खळ, खाण्याचा लाल रंग आणि चिमूटभर कोको. कोको नसला तर रक्त सरबतासारखे दिसते. ‘सायको’ कृष्णधवल होता, म्हणून हिचकॉकचे चॉकलेटच्या सिरपवर भागले. आमच्या रक्ताला पहिल्याच रात्री मुंग्या लागल्या. माझ्या वहीत त्या दिवसाच्या नोंदी अशा आहेत : डावी बाही, तीन थेंब, सुकलेले. उजवा गाल, एक ओघळ, ओला. चित्रण कथेच्या क्रमाने होत नसल्याने एवढा हिशेब ठेवावाच लागतो.

११/
चित्र स्वस्तात मिळते, शांतता मिळत नाही. भाईंदरला शेवटची लोकल गेल्यापासून पहिली लोकल येईपर्यंतचा वेळ तेवढा आमचा, आणि त्यातही मधून लांब पल्ल्याच्या गाड्या धडधडत जात. भयपटात आवाज चित्राहून महत्त्वाचा असतो. दाराची करकर, पावलांचा अंदाज, श्वास. ते सारे नंतर स्वतंत्रपणे नोंदवावे लागणार होते आणि त्यासाठी राखून ठेवलेली रक्कम ५० हजारांची होती. हा आकडा लक्षात ठेवावा, तो पुढे येणार आहे.

१२/
आता वादाकडे वळू. आमच्या संहितेत मारेकऱ्याला पूर्वेतिहास हवा होता. दिग्दर्शक मित्राने तो रचला : पोर्तुगीज अमलात घोडबंदर किल्ल्यावर मिठागरातील मजुरांची कत्तल झाली, त्यांतला एक जण वाचला आणि त्याच्या वंशातील प्रत्येक पिढीत एक पुरुष अमावास्येला सुरा घेऊन बाहेर पडतो. याच्या आधी काळ्या पडद्यावर पाटी : ‘सत्यघटनेवर आधारित’.

कत्तलीची ही कथा संपूर्णपणे त्याच्या कल्पनेतली होती. त्याने ते कधी लपवलेही नाही.

१३/
घोडबंदरचा लिखित इतिहास असा आहे. वसई खाडीच्या दक्षिण तीरावरचा हा किल्ला पोर्तुगीजांनी बांधला. गावाचे नाव घोड्यांच्या व्यापाराशी जोडले जाते. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत, १७३७ मध्ये, तो मराठ्यांकडे आला. त्याच मोहिमेत आजच्या भाईंदरच्या पश्चिमेकडील धारावी बेटासाठी झुंजी झाल्या (हे धारावी म्हणजे मुंबईतील वस्ती नव्हे) आणि मे १७३९ मध्ये वसई पडली. पुढे इंग्रज आले.

या इतिहासात मृत्यू पुरेसे आहेत. कत्तल बाहेरून आणण्याची गरज नव्हती.

१४/
मी आक्षेप घेतला तेव्हा मित्र म्हणाला, “अगं, सिनेमा म्हणजे खोटंच असतं. लोकांना कळतं ते. आणि तुमच्या बखरी तरी कुठं सगळ्या खऱ्या असतात?”

प्रश्न रास्त होता, म्हणून त्याचे उत्तरही नीट द्यायला हवे. बखरीत अतिशयोक्ती असते, कधी उघड कल्पितही असते. पण बखर ताडून पाहण्यासाठी आपल्याकडे पत्रे असतात, हिशेबाचे कागद असतात, शत्रूची दप्तरे असतात आणि गेली दीडशे वर्षे अभ्यासक तेच करत आले आहेत. ‘सत्यघटनेवर आधारित’ ही पाटी ताडून पाहण्याची इच्छाच मारून टाकते. कथा खोटी असणे हा कलेचा हक्क आहे. त्या खोट्याला साक्षीदाराची शपथ देणे ही वेगळी गोष्ट झाली.

१५/
या पाटीचे सर्वांत गाजलेले उदाहरण पाहू. ‘द टेक्सास चेन सॉ मॅसकर’च्या आरंभी निवेदक गंभीर आवाजात सांगतो की हे सारे १८ ऑगस्ट १९७३ रोजी घडले. वस्तुतः त्याच उन्हाळ्यात चित्रपटाचे चित्रण चालले होते. टेक्सासमध्ये अशी घटना घडलेली नव्हती. कथेमागे अंधूक प्रेरणा होती ती एड गीन या माणसाची. तो १९५७ मध्ये पकडला गेला, तो दूर उत्तरेकडील विस्कॉन्सिन राज्यात, आणि त्याच्याकडे यांत्रिक करवत नव्हती.

तरीही ही घटना टेक्सासमध्ये खरोखर घडली असे मानणारे लोक आजही भेटतात. दोन ओळींच्या निवेदनाने एका राज्याच्या माथी न घडलेला गुन्हा कायमचा बसला.

१६/
रॅमसेंनी अशी पाटी लावण्याची तसदी घेतली नाही, पण उसन्या जागेचे काय होते ते त्यांच्या चित्रपटांतूनही दिसते. ‘पुराना मंदिर’ (१९८४) हे त्यांचे सर्वांत मोठे यश. त्यासाठी त्यांनी मुरूडचा, जंजिऱ्याच्या नवाबांचा राजवाडा वापरला. समुद्राकडे पाहणारी ती वास्तू पडद्यावर अप्रतिम दिसते.

पण तिचा मूळ संदर्भ काय? आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी कोकण किनाऱ्यावर घडवलेली सत्ता. तिच्या जलदुर्गाने शिवाजी महाराज, संभाजी महाराज आणि पुढे पेशवे यांच्या मोहिमा झेलल्या, आणि ते संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन होईपर्यंत टिकले. हिंदी महासागराच्या दोन किनाऱ्यांना जोडणारी ही केवढी कथा! पण व्हिडिओ कॅसेटच्या काळातील एका पिढीला तो राजवाडा ‘सामरीची हवेली’ म्हणूनच ओळखीचा आहे.

१७/
पुण्याचे उदाहरण तर आपणा सर्वांच्या जिव्हाळ्याचे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पगार थकलेले गारदी, सुमेरसिंग त्यांचा पुढारी. जीव वाचवण्यासाठी दालनांतून धावणारा कोवळ्या वयाचा पेशवा आणि काकांच्या पायांशी संपलेली ती धाव. स्लॅशरचा प्रत्येक घटक या प्रसंगात आहे. म्हणूनच ‘काका, मला वाचवा’ ही अमावास्या-पौर्णिमेची कथा शाळकरी मुलांनाही पाठ असते.

त्या कथेत एक माणूस नाही. नारायणरावांना वाचवण्यासाठी त्यांच्या अंगावर स्वतःला झोकून देणारा सेवक चापाजी टिळेकर. तोही तिथेच मारला गेला. त्या दिवशी वाड्यात आणखीही माणसे मेली. भुताच्या कथेने पेशव्याची आरोळी जपली आणि नोकराचे प्रेत पुसून टाकले.

१८/
मूळ वाडाही १८२८ च्या आगीत जळाला. आज आपण पाहतो ती तटबंदी, दरवाजे आणि जोती. ज्या दालनांतून आरोळी ऐकू येते असे म्हणतात, ती दालनेच जवळपास दोनशे वर्षे अस्तित्वात नाहीत. कथेला त्याची अडचण झालेली नाही.

मित्राचा यावरचा मुद्दाही सांगते, कारण तो पोकळ नव्हता. तो म्हणाला, “त्या भुतामुळंच लोक वाडा बघायला जातात ना? घोडबंदरला कोण जातंय? आपल्या सिनेमामुळं जातील.” जातीलही. पण ते काय पाहायला जातील आणि काय घेऊन परततील, हा माझा प्रश्न होता.

१९/
हा प्रश्न मीरा-भाईंदरमध्ये अधिकच टोकदार होतो. २००१ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या ५,२०,३८८ होती. २०११ मध्ये ती ८,०९,३७८ झाली. महानगरपालिका झाली तीही २००२ मध्ये. दहा वर्षांत जवळजवळ तीन लाखांनी वाढलेले हे गाव. बहुतेकांची आजी इथली नाही. माझीही नाही. पुण्यात खोटी दंतकथा सांगितली तर तिला खोडणारे चार जण पेठेत सापडतील. इथे जागेची स्मृती सांगणारी घरे थोडी आणि ऐकणारे कान दुसऱ्याच गावच्या आठवणींनी भरलेले. रिकाम्या जागेत पहिली कथा येते, तीच इतिहास होऊन बसते.

२०/
आणि त्या थोड्या घरांवरच आमची कथा घाव घालत होती. राई, मुर्धा, मोर्वा ही भाईंदर पश्चिमेची जुनी गावे. मीठ पिकवणारा आगरी समाज इथला आधीपासूनचा. ‘आगर’ या शब्दातूनच त्यांचे नाव आले, असे मानतात. माझ्या शाळेतील एका मैत्रिणीचे आजोबा मिठागरावर राबले. खारे पाणी अडवायचे, उन्हात आटवायचे, पायांना भेगा पडेपर्यंत मीठ ओढायचे आणि पावसाळ्यापूर्वी ते झाकून ठेवायचे. आमच्या संहितेत अशाच माणसाच्या रक्तात खून होता आणि वर पाटी : सत्यघटना.

मी ते पान मैत्रिणीला वाचायला दिले. तिने शांतपणे परत दिले आणि म्हणाली, “माझ्या आजोबांच्या पायांना फोड होते, हातात सुरा नव्हता.” मी ते वाक्य सातत्याच्या वहीत लिहून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी सर्वांना वाचून दाखवले.

२१/
मतदान झाले. चार विरुद्ध दोन. पाटी गेली, कत्तल गेली, वंशाचा शापही गेला. मारेकऱ्याला आता पूर्वेतिहासच नाही. तो कोण आहे हे शेवटपर्यंत कळत नाही. माझ्या मते तो त्यामुळे अधिक भयावह झाला आहे. मित्राच्या मते कथेचा कणा मोडला. आम्ही दोघे अजून यावर भांडतो.

किंमत मात्र द्यावी लागली. मित्राचे मामा ध्वनीच्या कामासाठी ५० हजार देणार होते. “पाटीशिवाय हे कोण बघणार?” असे म्हणून त्यांनी हात आखडता घेतला. त्यांचे व्यवहारज्ञान चुकीचे म्हणता येत नाही. त्या दोन शब्दांना बाजारात भाव आहे. आता पावले आणि श्वास आम्ही मीरा रोडच्या एका बेडरूममध्ये, भिंतींना गाद्या लावून, पंखा बंद ठेवून नोंदवतो आहोत. काम चार महिने लांबले आहे.

२२/
एक बदल मात्र वादाविना झाला. संहितेत सातव्या मिनिटाला ‘पहारेकरी’ मरतो. तो या प्रकारातला ठरलेला पहिला बळी. त्याला ना नाव, ना वाक्य. ठरलेला नट आला नाही, म्हणून गाळ्यावर रात्रपाळी करणाऱ्या काकांनाच आम्ही विनंती केली. त्यांनी दृश्य समजून घेतले, रबराचा सुरा हाताने वाकवून पाहिला आणि विचारले, “मरतो ते ठीक आहे. पण नाव काय माझं?”

संहितेत उत्तर नव्हते. त्यांनीच सुचवले : रामचंद्र. मग रामचंद्राला एक वाक्यही मिळाले. मरण्यापूर्वी तो फोनवर गावी सांगतो, की या महिन्याचे पैसे दोन दिवस उशिरा पाठवीन. एवढ्या एका वाक्याने पुढचा घाव पाहणे सगळ्या तुकडीला जड गेले. पुढे नायिका पळताना त्याला नावाने हाक मारते. ते तिला त्याच रात्री सुचले, कुणी लिहून दिले नव्हते.

२३/
स्लॅशर प्रेते मोजतो. इतिहासाचे निम्मे काम त्या प्रेतांची नावे शोधण्याचे असते. ही दोन कामे एकाच चित्रपटात बसू शकतात, असे मला आता वाटते. फक्त खोट्याला खरे म्हणण्याची घाई आवरावी लागते. आमच्या चित्रपटाच्या अखेरीस श्रेयनामावलीत एक ओळ येईल : या कथेतील सर्व घटना काल्पनिक आहेत, घोडबंदर किल्ला आणि मिठागरे खरी आहेत, ती दिवसा पाहावीत.

२४/
धागा संपवताना एक विनंती. तुमच्या गावात ‘तिथे रात्री जाऊ नये’ अशी ख्याती असलेली एखादी जागा असेलच : वाडा, विहीर, बंद गिरणी, डाकबंगला. तिची भुताची कथा आपण सर्वांनी ऐकलेली असते. खाली उत्तरात ती न लिहिता, त्या जागी पूर्वी कोण राहत होते, काय काम करत होते आणि ती ओस का पडली, हे लिहा. आजोबा-आजींना विचारा, जुना सातबारा पाहा, गॅझेटियर चाळा. एखादे नाव सापडले, तर तेवढेही पुरे.